भुतांचे जुने फोटो पाहताना या चुका टाळा

काळ्या पोशाखात बसलेली मेरी लिंकन आणि मागे तिच्या खांद्यांवर हात ठेवलेला धूसर अब्राहम लिंकन, तिचा नवरा आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. हा फोटो १८७२ च्या सुमाराचा, म्हणजे लिंकनची हत्या होऊन सात वर्षं लोटल्यानंतरचा. काढणारा बोस्टनचा विल्यम मम्लर, मूळचा दागिन्यांवर नक्षी कोरणारा कारागीर. असे फोटो पाहताना आपण त्याच त्याच चुका करतो.

एक तर ‘डबल एक्सपोजर आहे’, म्हणजे एकाच प्लेटवर दोनदा फोटो घेतला आहे, एवढं म्हणून मोकळं होतो. युक्त्या अनेक होत्या. तेव्हा फोटोला काही सेकंद लागत. पांढरी चादर गुंडाळलेला माणूस अर्ध्या वेळात चौकटीतून निघून गेला की त्याच्या आरपार मागची भिंत दिसे. ही युक्ती डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८५६ मध्येच करमणूक म्हणून छापून सांगितली होती. फिल्मऐवजी असलेल्या काचेच्या प्लेटा धुऊन पुन्हा वापरत. धुण्यात कसर राहिली की आधीच्या गिऱ्हाइकाचा चेहरा नव्या फोटोत पुसट उमटे. कोणी भुताची आकृती आधीच घेतलेली प्लेट कॅमेऱ्यात सरकवी, तर कोणी छापताना दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवी.

दुसरी चूक, ‘जाणकारांसमोर काढला’ हा पुरावा मानणं. जाणकार कॅमेऱ्याकडे बघत राहतो आणि हातचलाखी प्लेटच्या चौकटीत होते. भुतांचे फोटो काढणाऱ्या, इंग्लंडमधल्या क्रू गावच्या विल्यम होपला अशा दाव्यांचा तपास करणाऱ्या हॅरी प्राइसने १९२२ मध्ये असंच पकडलं. प्लेटांवर क्ष-किरणांनी आधीच छुपी खूण उमटवली होती. ‘आत्मा’ आलेल्या प्लेटवर ती खूण नव्हतीच, म्हणजे प्लेट बदलली होती. तरीही शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल होपच्या बाजूने उभे राहिले.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी आहे. ‘घरच्यांनी चेहरा ओळखला’ हे वाक्य वाचलं की आपला संशय गळून पडतो. असेच फोटो काढणाऱ्या पॅरिसच्या एदुआर ब्युगेवर १८७५ मध्ये फसवणुकीचा खटला चालला. त्याच्या स्टुडिओत बाहुल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली डोकी सापडली. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला एक वर्षाची कैद झाली. पण साक्षीदार कोर्टात सांगत राहिले, हा माझ्याच माणसाचा चेहरा आहे. पुठ्ठ्याचं डोकं समोर ठेवलं तरी ते मागे हटेनात. त्यांना मूर्ख म्हणणं मला पटत नाही. मरण पावलेल्या माणसाचा घरात एकही फोटो नसेल, तर धूसर डागात नाक-डोळे शोधणारं मन खोटं बोलत नसतं, ते त्या माणसाला शोधत असतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक गेले. मम्लरचा धंदा त्याच काळात उभा राहिला. एका फोटोचे दहा डॉलर घेणं मला अजूनही क्रूर वाटतं. लंडनमध्ये १९२४ च्या, पहिल्या महायुद्धाच्या युद्धविराम दिनी अडा डीन यांनी घेतलेल्या फोटोत शहीद सैनिकांचे चेहरे दिसतात, असं म्हणत. एका वृत्तपत्राने तपास केला, तर त्यात हयात फुटबॉलपटू आणि एक मुष्टियोद्धा निघाला.

‘मम्लर निर्दोष सुटला, म्हणजे फोटो खरे’ हेही चूक. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात मम्लरवर फसवणुकीचा खटला चालला, तेव्हा तमाशे दाखवणारा प्रसिद्ध व्यावसायिक पी. टी. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला आला. अब्राहम बोगार्डस या छायाचित्रकाराने बार्नमच्या मागे लिंकनचं ‘भूत’ उभं करून दाखवलं. फसवणूक झाली असावी असं न्यायाधीशांनाही वाटत होतं, पण फिर्यादी पक्षाला ती सिद्ध करता आली नाही, म्हणून मम्लर सुटला.

आता तुमच्याच अल्बममध्ये किंवा मोबाइलमध्ये असं काही दिसलं तर? पांढरे गोल ठिपके बहुधा फ्लॅशमध्ये चमकलेली, लेन्सजवळची धूळ किंवा किडे असतात. रात्रीच्या मोडमध्ये शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे मधून चालत गेलेला माणूस पारदर्शक होतो. त्याच जागी, त्याच वेळी, फ्लॅश बंद करून आणि फोन टेकवून ठेवून पुन्हा फोटो काढा. रोलवरचा जुना फोटो असेल, तर छापील प्रतीवर थांबू नका, निगेटिव्ह शोधून उजेडासमोर धरा. डाग फक्त प्रतीवर असेल तर गडबड छपाईत झाली आहे, आणि निगेटिव्हवरही असेल तर शेजारच्या फ्रेमा तपासा.