अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना या चुका टाळा

फळ्यावर २ ÷ ३/४ लिहा. नियम पाठ असलेली मुले भाजक उलटा करतात, गुणतात आणि ८/३, म्हणजे २ पूर्णांक २/३, असे बरोबर उत्तर देतात. आता तेच गणित तोंडी घाला: दोन लीटर कोकमाचे आगळ पाऊण लीटरच्या बाटल्यांत भरायचे आहे, किती बाटल्या भरतील? दोन बाटल्या भरल्या, अर्धा लीटर उरले, म्हणून वर्गातून "अडीच बाटल्या" असे उत्तर येते. गणित एकच, पण उत्तरे दोन. ती जुळत नाहीत, हेही मुलांना खटकत नाही. या धड्यातल्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

उरलेला भाग कशाचा, हे न विचारणे

उरलेले १/२ हे लीटरचे आहे. प्रश्न मात्र बाटल्यांचा आहे. पाऊण लीटरच्या बाटलीत तीन पाव मावतात आणि उरले आहेत दोन पाव, म्हणून शेवटची बाटली तीनपैकी दोन भाग, म्हणजे २/३ भरते. 'किती वेळा मावते' असे विचारणाऱ्या भागाकाराचे उत्तर भाजकाच्या मापात मोजलेले असते. ही गोष्ट नियम सांगून कळत नाही, डोळ्यांनी पाहावी लागते.

त्यासाठी माडाच्या झावळीचे सुके हीर उत्तम. ओला हीर वाकतो, त्यामुळे माप चुकते. २४ सेंटिमीटरचा एक तुकडा म्हणजे १ लीटर असे ठरवा. २४ घेण्याचे कारण साधे आहे: अर्धा १२, तृतीयांश ८, पाव ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३ सेंटिमीटर, सगळे पूर्ण आकडे. असे दोन हीर टोकाला टोक लावून ठेवले की ४८ सेंटिमीटर होतात. पाऊण लीटरचा हीर १८ सेंटिमीटरचा कापा आणि त्या लांबीवर ठेवत जा. तो दोनदा बसतो, ३६ संपतात, १२ उरतात. आता उरलेला १२ चा तुकडा २४ च्या शेजारी ठेवा: तो अर्धा दिसतो. तोच १८ च्या शेजारी ठेवा: तो २/३ दिसतो. दोन्ही तुलना मुलांनी स्वतःच्या हाताने करायला हव्यात. एकच दाखवली तर गोंधळ तसाच राहतो.

त्यानंतर वर्गात एक सवय लावा. कोणी नुसता अपूर्णांक सांगितला की "कशाचा?" असे विचारायचे. "अर्धा" हे अपुरे उत्तर, "अर्धा लीटर" हे पुरे उत्तर. दोन-तीन आठवडे हे सातत्याने करावे लागते, आणि ते कंटाळवाणे वाटले तरी सोडू नये.

भागाकार म्हणजे फक्त वाटणी, असे ठसवणे

तिसरी-चौथीपर्यंत १२ बोरे ४ मुलांत वाटण्याचीच उदाहरणे असतात. मग ३ ÷ १/२ समोर आले की मूल "अर्ध्या माणसाला तीन कसे वाटायचे?" या प्रश्नाशी अडते, आणि त्याचे अडणे रास्तच असते. त्याला भागाकाराचा दुसरा अर्थ द्या: भाजक भाज्यात किती वेळा मावतो? ३ लीटरमध्ये अर्धा लीटर ६ वेळा मावतो. हाच प्रश्न आधी पूर्ण संख्यांवर विचारा, १२ मध्ये ४ किती वेळा, म्हणजे अपूर्णांकापाशी येऊन अर्थ अचानक बदलला असे वाटत नाही.

"भागले की संख्या लहान होते" हा समजही याच वाटणीतून आलेला. तो मोडायला ओळीने लिहा: ६ ÷ ३ = २, ६ ÷ २ = ३, ६ ÷ १ = ६, ६ ÷ १/२ = १२, ६ ÷ १/४ = २४. माप लहान होत गेले की ते जास्त वेळा मावते. जुनी मापे घरात असतील तर आणायला सांगा. पायलीत चार शेर, आणि चिपटे म्हणजे पाव शेर, मग एका पायलीत चिपटी किती? ४ ÷ १/४ = १६, आणि ते तांदूळ मापून पाहता येते. पीठ मात्र घेऊ नका. ते दाबले की बसते आणि माप बदलते. तांदूळही शीग लावून मोजू नयेत, दर वेळी पट्टी फिरवून माप सपाट करावे. शीग लावली तर सोळाव्या चिपट्याआधीच पायली रिकामी होते आणि मुलांचा विश्वास उडतो तो गणितावरचा.

"अर्ध्याने भागा" आणि "अर्धे करा" यांची गल्लत

६ अर्धे केले की ३, ६ ला अर्ध्याने भागले की १२. बोलताना दोन्ही शब्द इतके जवळचे आहेत की मोठी माणसेही फसतात. लिपिंग मा यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी आणि चिनी शिक्षकांना १ पूर्णांक ३/४ ÷ १/२ सोडवून त्यासाठी शाब्दिक उदाहरण रचायला सांगितले होते. कित्येक अमेरिकी शिक्षकांनी रचलेले उदाहरण प्रत्यक्षात २ ने भागण्याचे निघाले. आपल्या वर्गातही हीच कसोटी लावा. ३ ÷ १/२ साठी मुलाने "तीन भाकऱ्या दोघांत वाटल्या" असे लिहिले, तर उत्तर ६ बरोबर असले तरी संकल्पना पोचलेली नाही.

मराठीची आणखी एक खाच आहे. पावणेदोन म्हणजे १ पूर्णांक ३/४, पण ऐकून मुले २ पूर्णांक ३/४ लिहितात. शाब्दिक उदाहरण देण्याआधी सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे हिरांवर मांडून घ्या. अडीच म्हणजे पाच अर्धे, हे दिसले की ५/२ आपोआप सुचते. नाही तर ४ पूर्णांक १/२ ÷ १ पूर्णांक १/२ मध्ये मुले ४ ÷ १ आणि १/२ ÷ १/२ असे वेगवेगळे भागून, दोन्ही उत्तरे मिळवून ५ सांगतात. नऊ अर्ध्यांत तीन अर्धे किती वेळा? ३ वेळा.

उदाहरणांचा क्रम चुकवणे

५/७ ÷ ३/११ ने सुरुवात केली की चित्र काढता येत नाही, मग नियमाखेरीज दुसरा आधारच उरत नाही. आधी ३ ÷ १/४, मग २ ÷ २/३ आणि ३ ÷ ३/४ (पूर्ण वेळा मावणारे), मग ४/५ ÷ २/५, मग ७/८ ÷ ३/८. या शेवटच्या पायरीवर थांबा. सात अष्टमांशांत तीन अष्टमांश किती वेळा मावतात, हा प्रश्न सात नारळांत तीन नारळ किती वेळा, असाच आहे: ७/३. छेद समान असले की छेदाला काही काम उरत नाही. मग २/३ ÷ १/४ मध्ये समच्छेद करा: ८/१२ ÷ ३/१२ = ८/३. ही रीत नियमापेक्षा लांब असली तरी प्रत्येक पायरीला अर्थ आहे. भाजक मोठा असलेली उदाहरणे, जसे १/२ ÷ ३/४, यानंतर घ्या, आणि उत्तर १ पेक्षा कमी का, ते आधी अंदाजाने बोलून घ्या.

उलटा करून गुणण्याचे कारण न देणे

नियम चुकीचा नाही. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या लीलावतीतही भाजकाच्या छेद-अंशांची अदलाबदल करून गुणायला सांगितले आहे. अडचण फक्त कारण गाळण्याची आहे. कारण कळले नाही की मुले भाज्य उलटे करतात, दोन्ही उलटे करतात, किंवा गुणाकारातही उलटे करू लागतात. तीन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत हे हमखास दिसते.

कारण दाखवायला वाटणीचा अर्थ इथे उपयोगी पडतो. विहिरीवरचा पंप पाऊण तासात अर्धी टाकी भरतो, एका तासात किती टाकी भरेल? पाऊण तास म्हणजे तीन पाव तास. एका पाव तासात १/२ चा तिसरा हिस्सा, म्हणजे १/६ टाकी. तासात चार पाव, म्हणून ४/६ = २/३. मुलांनी काय केले? ३ ने भागले आणि ४ ने गुणले. म्हणजेच ४/३ ने गुणले. ३/४ चा गुणाकार व्यस्त इथून येतो. फळ्यावर "÷ ३" आणि "× ४" वेगळे लिहून ठेवा, घाईने एकत्र करू नका. पडताळा उलटा घ्या: २/३ × ३/४ = १/२.

वेगळी रीत चूक ठरवणे

कोणी ८/१५ ÷ २/३ मध्ये अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने भागून ४/५ लिहिले, तर लाल रेघ ओढू नका. हे उत्तर बरोबर आहे आणि रीतही बरोबर आहे: २/३ ला ४/५ ने गुणले की ८/१५ मिळतात. फक्त ३/४ ÷ २/५ सारख्या ठिकाणी अंश आणि छेद पूर्ण भागले जात नाहीत, तिथे ती अडते. त्या मुलाला तेच उदाहरण द्या आणि समच्छेद करून पुन्हा बघायला सांगा. १५/२० ÷ ८/२० मध्ये छेद भागले की १ उरतो आणि १५/८ समोर येते.