नंतरचे धक्के मोठ्या भूकंपाची चाहूल असतात का?

मुख्य भूकंपानंतरचे धक्के सहसा दिवसागणिक विरळ होत जातात. त्यांतला सर्वांत मोठाही रिश्टरवर साधारण 1.2 ने कमी भरतो. पण याला अपवाद असतात. किल्लारीला 1992 मध्ये छोटे धक्के बसले, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गावं कोसळली. म्हणून तारीख-वेळ सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सोडा, भिंत बघा. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल तर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला. पुढच्या धक्क्यात भेग खुणेपलीकडे सरकली, किंवा दगड-मातीची भिंत पोट काढू लागली, की त्या घरात झोपायचं नाही, मग धक्का कितीही किरकोळ असो. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. टॉर्च आणि चपला उशाशी, कारण अंधारात काचा अनवाणी पायातच घुसतात.