कुलूप दिसलं म्हणून दुकान खरं नसतं: ऑनलाइन खरेदीतल्या या चुका टाळा

ऑनलाइन खरेदीला नव्याने सुरुवात करणाऱ्यांची भीती बहुतेक वेळा भलत्याच जागी असते. कुणीतरी हॅकर कुठेतरी बसून आपला कार्ड नंबर वाटेतच पळवेल, असं त्यांना वाटत राहतं. खरं तर तुमचा ब्राउझर आणि दुकानाचा सर्व्हर यांमधल्या वाटेवर आज बऱ्यापैकी चोख बंदोबस्त आहे. पैसे जातात ते दुसरीकडून. खोट्या दुकानात आपणच शिरतो, कोड आपणच सांगतो आणि पैसे भरायचं बटणही आपणच दाबतो. म्हणून खालच्या चुकांमध्ये तंत्रज्ञान थोडं आणि न वाचता पुढे जाण्याची सवय जास्त दिसेल.

कुलूप पाहून निश्चिंत होणं

'पत्त्याशेजारी कुलूप आहे ना, मग साइट सेफ आहे' हा सल्ला इतकी वर्षं दिला गेलाय की आता त्यानेच नुकसान होतं. कुलूप, किंवा पत्त्याच्या सुरुवातीचं 'एचटीटीपीएस', एवढंच सांगतं की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्या मधे कुणी वाचू शकत नाही. पलीकडे दुकानदार बसलाय की भामटा, हे त्यावरून कळत नाही. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र एकेकाळी विकत घ्यावं लागे. २०१५च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि ते फुकट, काही मिनिटांत मिळू लागलं. वेबचं त्यात भलंच झालं, पण फुकट ते भामट्यांनाही फुकट. शेवटी २०२३मध्ये गूगलने क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून कुलपाचं चिन्ह हटवलं, कारण लोक त्याचा अर्थ 'खात्रीची साइट' असा लावत होते. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर कार्ड काढूच नका. असेल तर तपासणीला आता कुठे सुरुवात झाली असं समजा.

पत्ता डावीकडून वाचणं

समजा, एका दुकानाचा खरा पत्ता 'अमुकदुकान डॉट कॉम' आहे. तुम्हाला मेसेजमधून जी लिंक आली तिचा पत्ता 'अमुकदुकान डॉट कॉम डॉट ऑर्डर-हेल्प डॉट शॉप' असा आहे. डावीकडून वाचायला लागलात की ओळखीचं नाव दिसतं आणि डोळा तिथेच थांबतो. तो पत्ता बनवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

हे वाचायची रीत अशी. 'एचटीटीपीएस'नंतरच्या जोड तिरप्या रेघा सोडा आणि पुढे जी पहिली एकटी तिरपी रेघ येईल तिथे थांबा. ती नसेल तर पत्त्याच्या शेवटाला थांबा. आता तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचत या. शेवटचा तुकडा 'शॉप', त्याच्या अलीकडचा 'ऑर्डर-हेल्प'. या दोन तुकड्यांवरून मालक ठरतो. त्यांच्या डावीकडे काय लिहायचं हे मालकाच्या मर्जीवर असतं. तिथे तो जगातल्या कोणत्याही कंपनीचं नाव घालू शकतो. काही देशांत शेवटचा तुकडाच जोडीने येतो, जसं 'को डॉट इन' किंवा 'को डॉट यूके'. तिथे आणखी एक शब्द डावीकडे सरका.

एवढं करूनही डोळे फसतात. २०१७मध्ये एका सुरक्षा संशोधकाने सिरिलिक लिपीतली (रशियन ज्या लिपीत लिहितात ती) अक्षरं वापरून ॲपलच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता रीतसर नोंदवून दाखवला होता. तेव्हाच्या काही ब्राउझरमध्ये तो खऱ्यापासून ओळखू येत नव्हता. यावर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं आणि आपोआप भरणारं ॲप. तो साइटचं रंगरूप बघत नाही, पत्त्यातलं अक्षर न् अक्षर जुळवतो. एरवी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर वैतागून हाताने टाइप करू नका. आधी पत्ता बघा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे लिंकवरून दुकानात जाऊच नये. ॲप उघडा किंवा तुम्ही स्वतः जतन केलेला बुकमार्क वापरा. दुकानाचं नाव सर्च केलंत तर वरचे पहिले निकाल अनेकदा जाहिराती असतात, आणि जाहिरात कुणीही विकत घेऊ शकतो.

स्वस्ताईला भुलणं

नव्या, अनोळखी दुकानातून काहीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण जिथे झाडून सगळ्या वस्तूंवर एकसारखी भरमसाट सूट आहे, खाली उलटी मोजणी चालू आहे आणि पैसे द्यायचा मार्ग एकच, तोही थेट बँक खात्यात, तिथून निघालेलं बरं. थोडा वेळ असेल तर वस्तूचा फोटो इमेज सर्चला टाका. तोच फोटो वेगवेगळ्या नावांच्या पाच दुकानांत सापडला, तर काय ते कळतं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कधी नोंदवलं गेलं हे 'हू इज' या डोमेनच्या नोंदींच्या शोधात दिसतं. 'पंचवीस वर्षांची परंपरा' सांगणाऱ्या दुकानाचं डोमेन गेल्या महिन्यातलं निघालं, तर आणखी पुरावा कशाला हवा?

रिव्ह्यूंचं म्हणाल तर पाच ताऱ्यांचे सोडा, दोन-तीन ताऱ्यांचे वाचा. नेमकी तक्रार तिथे असते. आणि रिव्ह्यू त्याच वस्तूचे आहेत ना, तेही बघा. जुन्या पानावरची वस्तू बदलायची आणि तारे तसेच ठेवायचे, हा विक्रेत्यांचा जुना खेळ आहे. हेडफोनच्या पानावर कुणी चादरीच्या रंगाचं कौतुक करत असेल तर समजून जा.

ओटीपीच्या मेसेजमधले फक्त आकडे वाचणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. मेसेज येतो, आपण सहा आकडे टिपतो, बाकीच्या मजकुराकडे लक्षच देत नाही. पण बँकेच्या अशा मेसेजमध्ये बहुतेक वेळा किती रक्कम आणि कुणाला, हेही लिहिलेलं असतं. फोनवरचा माणूस म्हणत असतो, 'ऑर्डर कॅन्सल करायला कोड सांगा', आणि त्याच मेसेजमध्ये 'अमुक कंपनीला अमुक रक्कम देण्यासाठी' असं स्पष्ट छापलेलं असतं. कोड म्हणजे तुमची सही. ज्या कागदावर ती होणार तो आधी वाचा, आणि फोनवरून तर कुणालाही देऊ नका. क्यूआर कोडचंही तेच. 'रिफंड घ्यायला हा स्कॅन करा' म्हणून कुणी पाठवला, तर स्कॅन केल्यावर उघडणारी स्क्रीन पैसे भरायची आहे का, ते बघा.

कार्डाच्या मागच्या बाजूचा सीव्हीव्ही, म्हणजे तीन आकडी सुरक्षा कोड, पेमेंटच्या पानावर टाकावा लागतो, तेवढ्यापुरतं ठीक. व्यवहार मंजूर झाल्यावर तो साठवून ठेवायला कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस नियमांत दुकानांना मनाई आहे. त्यामुळे चॅटवर किंवा ईमेलवर 'कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा' म्हणणारा विक्रेता कितीही गोड बोलो, व्यवहार तिथेच थांबवा.

कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधणं

वस्तू आली नाही, माणूस चिडलेला असतो, घाईत सर्च करतो आणि वर दिसेल तो नंबर फिरवतो. तो नंबर भामट्याने पेरलेला असू शकतो, आणि इथे तर सावज स्वतः फोन करून येतं. पलीकडचा माणूस अगदी मदतीच्या सुरात बोलतो, रिफंडचा फॉर्म पाठवतो आणि 'मला तुमची स्क्रीन दिसू द्या' म्हणत एखादं ॲप टाकायला लावतो. ते ॲप चालू झालं की तुमचे मेसेज, कोड, बँकेचं ॲप सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. ज्या ॲपमधून ऑर्डर दिली त्याच ॲपमधला 'मदत' विभाग उघडा. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तोच वापरा.

याचंच धाकटं भावंड म्हणजे 'तुमचं पार्सल अडकलंय, किरकोळ शुल्क भरा' हा मेसेज. रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवलेली असते. त्यांना ती नकोच असते, त्यांना तुमचं कार्ड हवं असतं.

सगळीकडे एकच पासवर्ड

एका लहानशा दुकानातून पासवर्ड फुटला की तोच पासवर्ड तुमच्या ईमेलवर आणि मोठ्या दुकानांवर लावून बघितला जातो, तोही यंत्राने, हजारोंच्या संख्येने. ट्रॉय हंट यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर ईमेल पत्ता टाकला की तो माहिती फुटल्याच्या ज्ञात घटनांमध्ये सापडलाय का, ते कळतं. निदान ईमेलचा पासवर्ड तरी वेगळा ठेवा आणि त्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणारी सोय) लावा. ईमेल हातात आला की बाकी सगळे पासवर्ड बदलून घेता येतात.

सार्वजनिक वायफायची भीती मात्र मला जरा फुगवलेली वाटते. तरीही पैसे भरताना मोबाइल डेटा वापरला, तर बिघडत काही नाही.

पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र दिसत नाही

अशा वेळी पुन्हा बटण दाबू नका. एकाच वस्तूचे दुप्पट पैसे जातात ते इथेच. आधी 'माझ्या ऑर्डर' बघा, मग ईमेलचा स्पॅम फोल्डर, मग बँकेची नोंद. कार्डाचा व्यवहार दोन पायऱ्यांत होतो. आधी बँक रक्कम अडवून ठेवते, नंतर दुकान ती प्रत्यक्ष उचलतं. दुसरी पायरी झालीच नाही तर अडवलेली रक्कम साधारण काही दिवसांत आपोआप मोकळी होते. नोंदीपुढे 'पेंडिंग' लिहिलं असेल तर बहुधा हेच घडलेलं असतं. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट मात्र लगेच काढून ठेवा.

वस्तू भलतीच आली

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, ज्यात सीलबंद खोका आणि त्यावरचं लेबल आधी दिसेल, वादात उपयोगी पडतो. महागड्या वस्तूंसाठी तरी तो काढाच. तक्रार ॲपमधूनच लिहून करा. विक्रेता 'बाहेर व्हॉट्सॲपवर बोलू' म्हणाला तर जाऊ नका, कारण वाद झाल्यावर प्लॅटफॉर्मला तिथलं बोलणं दिसत नाही. आणि परतीची मुदत बघून ठेवा. 'दोन दिवसांत नवीन पाठवतो' असं म्हणत म्हणत ती मुदत उलटवणारेही विक्रेते असतात.

विक्रेता दाद देत नसेल आणि पैसे कार्डाने दिले असतील, तर बँकेकडे 'चार्जबॅक', म्हणजे दुकानाकडून पैसे परत वळवून घेणं, मागता येतो. वस्तू आलीच नाही किंवा वेगळीच आली, अशा तक्रारींसाठी ही सोय आहे. तिलाही मुदत असते. थेट बँक खात्यात पाठवलेल्या पैशांना सहसा हे संरक्षण नसतं. अनोळखी दुकानात कार्ड वापरा, असं मी सांगतो ते त्यासाठीच. बँक व्हर्च्युअल कार्ड, म्हणजे फक्त नंबराच्या रूपातलं कार्ड, देत असेल तर आणखी चांगलं. त्यावर मर्यादा घालता येते आणि काम झाल्यावर ते बंद करता येतं.

पैसे गेलेच तर

पहिला फोन बँकेला. कार्ड बंद करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दुकानाशी वाद घालणं, नातेवाइकांना सांगणं, हे सगळं त्यानंतर. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं असेल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, ॲप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. मग पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. तोपर्यंत चॅट, मेसेज, लिंक यांतलं काहीही पुसू नका. लाज वाटून बरेच जण आधी तेच पुसतात आणि पुरावा जातो.

यानंतर काही दिवसांनी आणखी एखादा फोन येऊ शकतो: 'तुमची फसवणूक झाली होती ना, आम्ही पैसे परत मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा.' एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, आणि तुमची रक्कम, तारीख, दुकानाचं नाव हे सगळं त्या माणसाला ठाऊक असतं ते त्यामुळेच. फोन ठेवा, आणि तोही नंबर आधीच्या तक्रारीत जोडा.