आधी वेळापत्रक, मग खोली : नेहमीच्या शाळेत विशेष गरजांच्या मुलांची सोय वाढवताना

इंदूरमधली एखादी शाळा विशेष गरजांच्या मुलांची सोय वाढवायचं ठरवते तेव्हा पहिला प्रश्न असतो, कुठली खोली रिकामी आहे? खोली मिळते, भिंतींवर चित्रं येतात, दारावर ‘रिसोर्स रूम’ची पाटी लागते. दोन-तीन महिन्यांनी बघावं तर वर्गात जी मुलं नकोशी झाली ती दिवसभर तिथे बसलेली दिसतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल मागे पडतंय आणि समोर त्याला पाठवायला एक दार आहे, असं असलं की ते दार वापरलं जातंच. म्हणून क्रम उलटा ठेवा. मुलं ओळखणं, माणूस नेमणं, वेळापत्रक बसवणं, वर्ग बदलणं आणि त्यानंतर खोली. मूल हजेरीपटावरही आणि मनानेही वर्गशिक्षिकेचंच राहिलं पाहिजे. खोली त्याच्या मदतीची जागा आहे, मुक्कामाची नाही.

संस्थेच्या बैठकीत ‘आपल्यावर बंधन आहे का?’ असं कुणीतरी विचारतंच, तेव्हा तेवढं स्पष्ट असू द्या. २०१६चा दिव्यांगजन अधिकार कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, आणि कलम १६ सरकारी शाळांइतकंच मान्यताप्राप्त शाळांनाही लागू होतं. भेदभाव न करता प्रवेश, अडथळा नसलेली इमारत आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय ही त्यातली कामं आहेत. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं वंचित गटात आली, म्हणजे खाजगी शाळेच्या २५ टक्के जागांसाठीही ती पात्र आहेत.

मुलं ओळखणं

जूनच्या मध्यात शाळा पुन्हा भरली की पहिले तीन आठवडे याला द्या. सुरुवात डोळे आणि कान यांपासून. ज्याला फळा दिसत नाही ते मूल ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्यावर वर्षं काढतं. दृष्टितक्ता ६ मीटरवर लावा, डोळ्यांच्या उंचीवर, उजेड तक्त्यावर पडेल असा, आणि एकेक डोळा तळहाताने झाकून तपासा. बोटांनी झाकला तर मुलं फटीतून बघतात. कानांसाठी मुलाच्या मागे दोन हात अंतरावर उभं राहून हळू आवाजात दोन-अक्षरी शब्द म्हणा आणि त्याला ते परत म्हणायला सांगा. शंका आली तर डॉक्टरांकडे पाठवा. डोळे-कान तपासल्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी करू नका.

त्यानंतर एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे अॅप. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षिका भरते, दुसरा विशेष शिक्षक. कायद्यातल्या २१ प्रकारांची लक्षणं त्यात आहेत. ही चाळणी आहे, निदान नव्हे. अॅपमध्ये नाव आलं म्हणून कुठल्याही वहीवर, रजिस्टरवर किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ते जाता कामा नये.

आपल्याकडे एक गोष्ट जास्त जपून बघावी लागते. मराठी घरातलं मूल घरी ‘पंचवीस’ ऐकतं, हिंदीच्या तासाला ‘पच्चीस’ आणि गणिताच्या तासाला ‘ट्वेंटी फाइव्ह’. मराठी आणि हिंदी दोन्हींत पाच आधी उच्चारले जातात, म्हणून ते ऐकलं तसं लिहितं : ५२. ‘उनहत्तर’ ऐकून ७९ लिहिणाऱ्याच्या कानात ‘हत्तर’ राहिलेलं असतं. असं मूल दिसलं की त्याच्यापुढे आइस्क्रीमच्या काड्या ठेवा, दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून आणि काही सुट्या. ‘पंचवीस दे’ म्हणा. त्याने दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या दिल्या आणि तरीही ५२ लिहिलं, तर संख्येची समज पक्की आहे, अडचण शब्दापासून अंकापर्यंतच्या वाटेत आहे. गठ्ठे पुढे ठेवून लिहिण्याचा तीन-चार आठवडे रोज दहा मिनिटं सराव झाला की बहुतेक मुलांचं सुटतं. गठ्ठेच चुकले तर मात्र खोलात जायला हवं.

वाचनाचंही तसंच. दहा निरर्थक शब्द लिहून द्या : टमक, गिपू, लोशा, भेचू अशा धाटणीचे. ज्याची हिंदी नुसती कच्ची आहे ते मूल हे शब्द नीट वाचतं आणि धड्याच्या अर्थाशी अडतं. ज्याला वाचनाचीच अडचण आहे ते इथेही अडखळतं आणि घरच्या मराठीतही तसंच अडखळतं. भ-म, घ-ध, थ-य यांची अदलाबदल होते. पहिली वेलांटी तर खास घात करते. कानाला व्यंजन आधी येतं, हाताला वेलांटी आधी काढावी लागते. दुसरीपर्यंत यातलं बरंचसं वयाचं असतं. तिसरीत नेमका सराव देऊन तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर पुढची तपासणी. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचं) प्रमाणपत्र मुलाला आठ वर्षं पूर्ण होण्याआधी मिळत नाही. पण मदत सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही, हे शिक्षकांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा सांगा.

पालकांशी बोलायच्या आधी दोन वह्या काढून ठेवा आणि मूल जे चांगलं करतं तिथून सुरुवात करा. ‘ताई, हा गोष्ट सगळी क्रमाने सांगतो, पण तीच लिहायला घेतली की चार ओळींत थांबतो. हे बघा.’ एवढं पुरतं. ‘तुमच्या मुलात काहीतरी प्रॉब्लेम आहे’ या वाक्यानंतर पालकांच्या कानात दुसरं काहीही जात नाही. घरी अभ्यास आजी घेत असेल तर आजीलाही बोलवा, नाहीतर ‘शाळेने नातवाला वेडा ठरवला’ एवढाच निरोप तिच्यापर्यंत पोचतो आणि घरचं सहकार्य तिथेच संपतं.

माणूस आणि त्याचे तास

विशेष शिक्षक नेमताना भारतीय पुनर्वास परिषदेचा (अशा शिक्षकांची नोंदणी तिच्याकडे होते) नोंदणी क्रमांक मागा, त्याची मुदत बघा आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये प्राथमिकला १० आणि पुढच्या वर्गांना १५ विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं आहे. यादीत बारा-चौदा मुलं असतील तर एक पूर्णवेळ शिक्षक हवाच. आठवड्यातून दोनदा येणारा पाहुणा चालत नाही.

आठवड्यात ४० मिनिटांचे ३० तास धरले तर वाटणी साधारण अशी करा. १२ तास रिसोर्स रूममध्ये, एका वेळी दोन ते चार मुलं. १० तास नेहमीच्या वर्गात, विषय-शिक्षकासोबत. ४ तास शिक्षकांबरोबर आठवड्याची आखणी. २ पालकांसाठी, २ नोंदींसाठी. हे वेळापत्रक प्रिन्सिपलच्या सहीने निघालं पाहिजे आणि त्याखाली एक ओळ हवी : या शिक्षकाला अरेंजमेंट लागणार नाही. ही ओळ नसली तर गैरहजर शिक्षकांच्या वर्गांवर सगळ्यात आधी त्यालाच पाठवलं जातं. आठवड्यात पाच अरेंजमेंट म्हणजे पाच तासांची मदत गेली, आणि ती गेलेली कुठल्याही कागदावर दिसत नाही.

मुलाला खोलीत न्यायचा तास निवडताना खेळ, चित्रकला आणि संगीत यांना हात लावू नका. ज्या मुलाला दिवसभरात एकच गोष्ट बऱ्यापैकी जमते, ती आपण काढून घेतली की ते खोलीतही काम करत नाही. भाषेत अडणाऱ्या मुलाला भाषेच्याच तासातून न्या आणि वीस मिनिटांत परत वर्गात पोचवा.

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा एका पानाचा, उद्दिष्टं तीनच. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. असं लिहा : जोडाक्षरं नसलेले २० शब्द २ मिनिटांत, त्यातले १६ बरोबर, सलग तीन दिवस. मोजणी शुक्रवारी, फेरआढावा सहा आठवड्यांनी. दोन आढाव्यांत आकडा हलला नाही तर पद्धत बदला. मुलाच्या मेहनतीला दोष देऊ नका, पायरी मोठी ठेवली गेली असेल.

वर्गात

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि खर्च जवळजवळ नसतो. फळ्यावर दिवसाचा क्रम रोज त्याच कोपऱ्यात लिहा. लहान वर्गांत चित्रं लावा. स्वमग्न मुलाला ‘आज पीटी नाही’ हे पीटीच्या वेळी कळलं की तो रडतो, सकाळी कळलं तर बहुतेक वेळा सावरतो. सूचना एका वेळी एक. कमी ऐकू येणाऱ्या मुलाची जागा पहिल्या-दुसऱ्या बाकावर, खडखडणाऱ्या पंख्यापासून आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब, आणि फळ्याकडे तोंड असताना बोलू नका. कमी दिसणाऱ्यासाठी वर्कशीट १८ ते २४ पॉइंटच्या ठळक अक्षरात छापा. ए-फोरवरून ए-थ्रीवर झेरॉक्स काढू नका, कागद बाकावर मावत नाही आणि अक्षरही पुरेसं वाढत नाही.

ओळ चुकणाऱ्या मुलांसाठी वाचनखिडकी करा. काळ्या कार्डशीटची पट्टी, मध्ये पुस्तकाच्या एका ओळीएवढी, साधारण १ सेंटिमीटर उंच आणि १२ लांब फट. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून इंग्रजी पुस्तकासाठी कापलेली फट इथे आखूड पडते. दोन्हींच्या वेगळ्या पट्ट्या ठेवा.

पालकांनी सोबतीला मदतनीस दिली असेल तर तिची खुर्ची मुलाच्या मागे, शेजारी नाही. शेजारी बसली की शिक्षिका तिच्याशी बोलते, मुलं तिला घाबरतात आणि मूल भर वर्गात एकटं पडतं. तिची मदत दर महिन्याला थोडी थोडी कमी व्हायला हवी, आणि कुठे कमी करायची ते आराखड्यात लिहिलेलं असावं.

खोली आणि रॅम्प

खोली तळमजल्यावर, वर्गांच्या रांगेतच. स्टाफरूमच्या मागे किंवा जिन्याखाली नको. १२ बाय १५ फूट पुरते. एक गोल टेबल, चार खुर्च्या, पाय जमिनीला टेकतील अशा. दहा-दहाच्या रंगात ओवलेली शंभर मण्यांची माळ, रेतीचा ट्रे, पेन्सिलच्या पकडी, तिरका लिहिण्याचा फळा, उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ, एक कोपरा पडदा आणि सतरंजीचा, गोंगाटाने त्रासलेल्या मुलाला दहा मिनिटं बसायला. महागडे किट आधी घेऊ नका. कोणती मुलं आहेत हे कळल्यावर घ्या.

रॅम्पचा उतार एकास बारा. जोतं दीड फूट असेल तर रॅम्प १८ फूट लांब होतो. जागा नाही म्हणून मिस्त्री सहा फुटांत उरकतो, आणि तो रॅम्प मग फक्त पाण्याचे जार चढवायला उपयोगी पडतो. जागा कमी असेल तर मधे ५ बाय ५ फुटांचा सपाट चौक देऊन वळवा. रुंदी किमान ४ फूट, दोन्ही बाजूंना कठडा. वर पॉलिशचा कोटा स्टोन नको, पहिल्या पावसात चाकं आणि कुबड्या घसरतात. दार ३ फूट मोकळं, उंबरठा काढलेला. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं, भिंतीला धरायची दांडी. आणि तिथे फिनाइलचे कॅन, झाडू आणि बादल्या साठवायच्या नाहीत. व्हीलचेअर असलेल्या मुलाचा वर्ग पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्टचा विचार नंतर करा, आधी तो वर्ग खाली आणा.

कागद आणि परीक्षा

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी सरकारी मेडिकल बोर्डाकडे. अर्जापूर्वी आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेशचा ओळख क्रमांक) आणि शाळेच्या नोंदीतलं नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळवून घ्या. ‘जोशी’ आणि ‘जोषी’ यावरून महिने जातात. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत दिव्यांगत्वाचा प्रकार प्रमाणपत्राप्रमाणेच भरा. सरकारी आणि अनुदानित शाळांत ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेची उपकरणं आणि मुलींचा दरमहा २०० रुपये भत्ता या नोंदीवरूनच येतो. चंचलता आणि लक्ष न टिकणं हे २१ प्रकारांत वेगळं धरलेलं नाही, त्यामुळे त्या एका कारणावर कार्ड मिळेल असं पालकांना सांगू नका. शाळेतल्या सोयी मात्र त्या मुलालाही द्या.

सीबीएसईत सवलतींसाठी नववीच्या नोंदणीतच मुलाची श्रेणी भरावी लागते. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करून हाती काही लागत नाही. जास्तीचा वेळ दर तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. हाच वेळ शाळेच्या परीक्षांत पाचवी-सहावीपासून द्या. लेखनिक घेऊन लिहिणं हे शिकावं लागतं. विरामचिन्हं सांगणं, गणिताची पायरी तोंडी मांडणं, ‘परत वाचून दाखव’ म्हणायचं धाडस. बोर्डाआधी लेखनिकासोबत किमान तीन पूर्ण पेपर झालेले असावेत.

मार्चअखेर

आपल्याकडे नवं सत्र १ एप्रिलला उघडतं, आणि वर्षभराचं काम तिथेच सांडतं. चौथीच्या बाईंना सगळं माहीत असतं, पाचवीच्या बाईंना काहीच नाही. निकालाच्या आधी दोघींना अर्धा तास एकत्र बसवा आणि एक पान हाती द्या. निदान वरच्या एका ओळीत, बाकी पान असं : ‘पहिल्या बाकावर डावीकडे बसतो, उजव्या कानाने ऐकतो. फळ्यावरून उतरवायला दुप्पट वेळ लागतो, अर्ध्या प्रश्नांची झेरॉक्स द्या. पहाडे म्हणत नाही, माळेवर बरोबर काढतो. मोठ्याने रागावलं की टेबलाखाली जातो, तेव्हा दोन मिनिटं कुणी बोलू नये, स्वतःच येतो. डबा उघडता येत नाही आणि मागतही नाही. शेजारी बसणारा मित्र बदलू नका.’