बालवाडीत नव्याने येणाऱ्या ताईंसाठी

बालवाडीच्या नोकरीला नवी मुलगी आली की हमखास विचारते, ‘ताई, मुलांच्या कलाने शिकवायचं म्हणजे आपण नक्की करायचं तरी काय?’ प्रश्न रास्त आहे. पुस्तकात मूल केंद्रस्थानी असतं. वर्गात वीस-पंचवीस मुलं एकदम ‘टीचर, हा बघा ना!’ म्हणून ओरडत असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. निम्मं काम मुलं यायच्या आधी उरकायचं, आणि ती आली की स्वतःच्या जिभेला आवर घालायचा.

आमचा वर्ग परळच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. संध्याकाळी तिथेच शिकवण्या चालतात, त्यामुळे रोज सकाळी सगळं मांडायचं आणि दुपारी आवरायचं. ठोकळे, बाहुलीघर, चित्रांची पुस्तकं, पाण्याचा टब. मांडताना हात जरा आखडता ठेवा. समोर मोजक्याच वस्तू असल्या की मूल एखादीशी रमतं. ढीग ओतला की नुसती ओढाताण होते. टबापाशी नरसाळं, लहानमोठी भांडी आणि मुलांच्या हातात मावेल असं फडकं हवंच. सांडलेलं मुलांनी पुसायचं. मदतनीस मावशी फडकं घेऊन धावतात, त्यांना थांबवणं मुलांना थांबवण्यापेक्षा अवघड! चिंचोके आणि मणी मात्र नजरेसमोरच ठेवा, आणि अजून सगळं तोंडात घालणाऱ्या मुलांच्या हाती देऊच नका. नाकात गेलेला मणी हा बालवाडीतला जुना आजार आहे.

महागड्या साहित्याचं दडपण घेऊ नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या. मुलांनी स्वतःच्या हातांनी करत शिकावं, ही इटलीच्या मारिया माँटेसरींची तत्त्वं त्यांनी सोडली नाहीत, पण साहित्य आजूबाजूचंच वापरलं : खडे, बिया, पानं, शिंपले. आपल्याला चौपाटीवरचे शिंपले आहेत, भाजीवाल्याकडचा मटार आहे. गणपतीच्या आधी लालबाग-परळकडे एखाद्या मूर्तिकाराकडे थोडी शाडूची माती मागून बघा.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. एकदा मुलांनी खुर्च्या ओळीने लावून लोकल केली. एकजण मोटरमन, दुसरा ‘पुढील स्टेशन, दादर’ म्हणणारा. तेवढ्यात एका मुलीने शेजारच्याला उठवलं : ‘हा लेडीज डबा आहे.’ तो रडायला लागला. अशा वेळी ‘भांडू नका, सगळे एकत्र बसा’ हे वाक्य अगदी ओठांवर येतं. मी गिळलं. थोड्या वेळाने तिनेच मधे उशी उभी केली आणि म्हणाली, ‘तिकडे तुझा डबा.’ पण तिकडे खुर्ची एकच! झालं, मोजणी सुरू झाली. बोट लावून, मोठ्याने, एक खुर्ची दोनदा मोजून. मी फक्त पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या; त्यांची तिकिटं झाली आणि त्यांवर रेघोट्या उमटल्या. दुसऱ्या दिवशी मी ठिपके काढलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या. तीन ठिपके म्हणजे तिसरी खुर्ची. हे त्यांना मी सांगितलं नाही, एकाने शोधलं आणि बाकीच्यांना दटावून शिकवलं.

अशा वेळी नोंदवही जवळ असू द्या. ‘छान खेळला’ हा शेरा कुणाच्याच कामाचा नाही. ‘पाचपर्यंत म्हणतो, पण मोजताना बोट मागे राहतं’ असं लिहिलंत, तर उद्या काय मांडायचं ते कळतं.

पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला : ‘वहीत काहीच कसं नाही? शेजारची तर एबीसीडी लिहिते.’ वाद घालू नका. त्यांना अर्धा तास वर्गात बसवा. मटार सोलताना, मणी ओवताना, माती मळताना तीच बोटं पेन्सिलीसाठी तयार होत असतात, हे मुलाकडे बघत सांगितलं की पटतं. सगळ्यांनाच पटतं असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळावर भर आहे. हे सांगितलं की काही बाबालोकांना जास्त धीर येतो, असा माझा अनुभव.

नोकरी पाहायला जाल तेव्हा भिंतींवरची चित्रं बघा. सगळे पोपट एकाच मापाचे, एकसारखे रंगवलेले असतील, तर ते ताईंनी रात्री जागून केलेत असं समजा, आणि तुम्हालाही तेच करावं लागेल. एका ताईकडे किती मुलं, हे विचारा. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन आणि शिक्षण धोरणात तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण दिलं आहे. पगार या क्षेत्रात कमीच असतो, म्हणून तो पहिल्याच भेटीत विचारा. मे महिन्याचा मिळतो की नाही, तेही.