ग्लायडरच्या ट्रेलरमध्ये स्टेपनी पक्की कशी बसवावी

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, पंख काढून ज्यात नेतात तो बंद ट्रेलर आठ-दहा मीटर लांब असतो, पण बहुतेकदा एकाच ॲक्सलवर, म्हणजे दोनच चाकांवर धावतो. एक टायर फुटला की प्रवास तिथेच थांबतो. तेव्हा स्टेपनी हवीच. मात्र पंधरा-वीस किलोचं चाक फायबरच्या पंखांशेजारी सुटं झालं, तर पंक्चरपेक्षा कितीतरी मोठं नुकसान करून जातं. म्हणून जागा निवडताना दोन अटी सोडू नयेत. हायवेच्या कडेला ग्लायडर जराही न हलवता स्टेपनी बाहेर आली पाहिजे, आणि एखादा बोल्ट ढिला झाला तरी चाक ग्लायडरकडे जाता कामा नये. या दोन्ही अटी पाळणारी जागा ट्रेलरमध्ये नसेल, तर स्टेपनी सरळ गाडीच्या डिकीत बांधून ठेवा. त्यात काहीच कमीपणा नाही.

आधी चाक बरोबर आहे का ते पाहा

युरोपात बनलेल्या ट्रेलरांना बहुतेक १३ किंवा १४ इंची चाकं असतात. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास चार बोल्टांना १०० मिमी किंवा पाच बोल्टांना ११२ मिमी हा नेहमीचा. अमेरिकेत ट्रेलरच्या दुकानात सहज मिळणारी पाच बोल्टांची रिम मात्र साडेचार इंचांच्या, म्हणजे ११४.३ मिमीच्या वर्तुळाची असते. फरक जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा, त्यामुळे बोल्ट दोन आटे आत जातोही, पण नीट बसत नाही. अशा चाकावर निघालं तर बोल्ट ढिले होतात किंवा तुटतात. ११२ मिमीची रिम फोक्सवॅगन किंवा मर्सिडीजची चालेल असं वाटतं. तिथेही मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (हबवर टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर), रिमची भारक्षमता आणि बोल्ट बसण्याची खाच शंकूसारखी आहे की गोलाकार, हे जुळवून पाहा. शंकूचा बोल्ट गोल खाचेत कडेवरच टेकतो आणि थोड्याच अंतरात सैल पडतो. ट्रेलरला अलॉय चाकं आणि स्टेपनी लोखंडी असेल, तर लोखंडी रिमचे बोल्ट वेगळ्या लांबीचे लागू शकतात. ते पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवा.

टायरवरचा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलेल ते सांगणारा आकडा, वाचा. ॲक्सलवर १२०० किलो भार येत असेल, तर प्रत्येक टायरला किमान ६०० किलो पेलवले पाहिजेत, म्हणजे भारांक ९० किंवा जास्त. कारचा ८२ भारांकाचा टायर ४७५ किलोच घेतो. १८५ आर १४ सी जातीचा १०२ भारांकाचा टायर ८५० किलो घेतो. वयही पाहा: टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) शिक्क्याचे शेवटचे चार आकडे ३२२१ असतील तर टायर २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यातला. जर्मनीत ट्रेलरला ताशी १०० किलोमीटरची परवानगी घेतली असेल, तर टायर सहा वर्षांच्या आतले आणि किमान एल वेगश्रेणीचे (टायरचा कमाल वेग सांगणारं अक्षर) असावे लागतात. स्टेपनी न वापरताही म्हातारी होते, हे लोक विसरतात. खूण दिसत नाही, पण रबर कडक होतं.

जागा आणि हिचवरचा भार

आधुनिक बंद ट्रेलरांत बहुधा ग्लायडरची शेपूट आणि पंखांची टोकं पुढे, म्हणजे गाडीच्या बाजूला येतात. तिथल्या तळफळीवर शेपटीच्या नळीखाली जागा उरते, आणि पुढे छोटं दार असेल तर स्टेपनीला हीच जागा सगळ्यांत सोयीची. दार नसेल तर ती जागा निरुपयोगी आहे. रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात, शेजारून ट्रक जात असताना ट्रेलरचं झाकण उघडून फ्यूजलाज, म्हणजे ग्लायडरचं धड, बाहेर ओढणं हा पर्यायच नाही.

बाहेर, हिचच्या (ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या भागाच्या) दांड्यावर यू-बोल्टने चाक उभं बसवता येतं. तिथे गाडी पूर्ण वळवून आणि डिकी उघडून बघा. हँडब्रेकचा दांडा पूर्ण वर येतो का, ओव्हररन ब्रेकचा (गाडी मंदावली की ट्रेलरच्या रेट्याने आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा) सरकता भाग मोकळा राहतो का, पुढचं टेकूचं चाक वर घेता येतं का, हेही तपासा. चाकाला कापड नव्हे, ऊन अडवणारं जाड कव्हर घाला आणि कुलूप लावा.

ॲक्सलच्या पुढे ठेवलेलं प्रत्येक किलो हिचवरचा भार वाढवतं. हिशोब सोपा आहे: चाकाचं वजन गुणिले ॲक्सलपासूनचं अंतर, भागिले ॲक्सल ते हिचच्या गोळ्यापर्यंतचं अंतर. १८ किलोचं चाक, ॲक्सल ते गोळा ५ मीटर, आणि चाक ॲक्सलपुढे ४.५ मीटरवर असेल, तर भार १६ किलोंनी वाढतो. तेच चाक १ मीटरवर ठेवलं तर साडेतीन किलोंनी. ॲक्सलच्या मागे २ मीटरवर ठेवलं तर उलट सात किलोंनी कमी होतो, आणि मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. मागे स्टेपनी ठेवू नका. हिच आणि गाडी या दोहोंवर कमाल भार लिहिलेला असतो. हिचवर तो अनेकदा ७५ किंवा १०० किलो असतो. दोन्हींपैकी लहान आकडा खरा मानायचा. अमेरिकेतला 'वजनाच्या दहा टक्के हिचवर' हा नियम ९०० किलोच्या ट्रेलरला ९० किलो मागतो, आणि ७५ किलोच्या युरोपीय हिचवर तो लागू करता येत नाही.

ओटा तयार करणं

चाक नुसत्या पट्ट्याने जमिनीवर दाबून ठेवण्यापेक्षा त्याला हबसारखा, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाक ज्यावर बसतं त्या भागासारखा, ओटा द्यावा. चाक बाहेरची बाजू वर करून सपाट जमिनीवर ठेवा आणि हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागाची जमिनीपासूनची उंची मोजा. १८५ मिमी रुंद टायर आणि ३० मिमी ऑफसेटला ती साधारण १२ सेंमी भरते. ओटा त्याहून ३-४ मिमी कमी उंचीचा करा. आवळल्यावर टायर तळाला किंचित दाबला जातो, म्हणून खडखड होत नाही. हवा गेली तरी रिम ओट्यावर घट्टच राहते. ओटा फार बुटका केला, तर टायरमधली हवा कमी झाल्याबरोबर पकड सुटते.

७५ मिमीच्या, ४ मिमी जाड चौकोनी पाइपचा तुकडा घ्या. खाली २०० × २०० × ५ मिमीचा पत्रा आणि वर ६ मिमीची गोल चकती वेल्ड करा. वरच्या चकतीत रिमच्या दोन भोकांसमोर भोकं पाडून खालून चाकाच्याच आट्यांचे नट वेल्ड करा, बहुधा एम १२ (१२ मिमी जाड), पिच म्हणजे आट्यांमधलं अंतर १.५ मिमी. ही भोकं पाइपच्या भिंतीवर येणार नाहीत आणि खाली बोल्टचं टोक मोकळं राहील, हे आखतानाच बघा. आता स्टेपनी ट्रेलरच्याच जास्तीच्या दोन बोल्टांनी आवळता येते. बोल्टचा शंकू आपल्या खाचेत बसतो, एकाच पान्याने सगळं निघतं आणि दोन बोल्ट कायम बरोबर राहतात. विंगनट, म्हणजे हाताने फिरवायचा पंखाचा नट, वापरू नका. धक्क्यांनी तो हमखास फिरतो.

भोक पाडण्याआधी ट्रेलरखाली जाऊन बघा. ब्रेकची केबल, ब्रेकचा दांडा आणि दिव्यांच्या वायरी नेमक्या मधून जातात. ॲक्सलच्या नळीवर काही वेल्ड करायचं नाही, कारण आतल्या रबराला उष्णता सोसत नाही. गॅल्व्हनाइझ चासीलाही भोक नको. तिथे क्लॅम्प लावा. तळफळीतून ८.८ ग्रेडचे चार एम १० बोल्ट आरपार घ्या, खालून ३ मिमीचा तेवढाच मोठा पत्रा आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न फिरणारा). लाकडी स्क्रू अजिबात नकोत. प्लायमध्ये भोक मोठं पाडून कडांना एपॉक्सी लावा, वाळल्यावर तळफळीच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी कमी लांबीची लोखंडी नळी आत घाला. नळी नसली की प्लाय हळूहळू दबतो आणि महिन्या-दोन महिन्यांत नट सैल होतो. शेवटी भोवती पॉलियुरेथेन सीलंट. तिथून शिरलेलं पाणी तळफळी कुजवतं.

याशिवाय २५ मिमीचा रॅचेट पट्टा रिममधून घेऊन वेगळ्या कडीला बांधा. ही कडी ओट्याच्या बोल्टांवर नको आणि पंखांच्या स्टँडवर तर मुळीच नको. रबरी दोरी चालत नाही, ती ताणते.

ग्लायडर आत घालून तपासणी

रिकाम्या ट्रेलरमध्ये सगळंच मोकळं दिसतं. ग्लायडर पूर्ण चढवून, झाकण लावून, चाकाच्या वर आणि बाजूंना किमान ५० मिमी जागा राहते का ते पाहा. टायरच्या सगळ्यांत जवळच्या भागावर कणकेचे गोळे चिकटवा आणि खडबडीत रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर हळू फिरवून या. गोळा दबला असेल तर जागा बदला. टायर जेलकोटला, म्हणजे ग्लायडरच्या फायबरवरच्या बाहेरच्या थराला, टेकला तर काळा डाग पडतो, आणि घासत राहिला तर जेलकोट झिजतो.

मग ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना अडण्या लावून, हिच नेहमीच्या उंचीवर आणून त्याखाली लाकडी टेकू आणि न्हाणीघरातला वजनकाटा ठेवून हिचवरचा भार मोजा. ओट्याचे बोल्ट ५० किलोमीटरनंतर आणि नंतर दर मोसमाच्या सुरुवातीला तपासा. स्टेपनीत हवा चालत्या चाकांइतकी किंवा टायरच्या मर्यादेत थोडी जास्त ठेवा; व्हॉल्व्ह हाताला लागेल अशा बाजूला असू द्या.

बाकी हत्यारं

जॅक घरच्या अंगणात वापरून बघा. टायरमधली हवा गेल्यावर ट्रेलर खाली येतो आणि कारचा जॅक त्याखाली शिरत नाही, ही नेहमीची अडचण. जॅक चासीवर, ॲक्सलजवळच्या मजबूत भागाखाली लावा. तळफळीखाली किंवा ॲक्सलच्या मधोमध नको. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, गाडीचा हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकाला पुढे-मागे अडणी लावा आणि चाक उचलण्याआधीच बोल्ट सैल करा. बसवताना टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा जोर, ट्रेलरच्या पुस्तिकेतला घ्या. लोखंडी रिमवर एम १२ बोल्टला तो साधारण ८० ते १०० न्यूटन-मीटर असतो. ५० किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा.

फुटलेलं चाक परत त्याच ओट्यावर जाईल, पण टायरच्या तारा बाहेर आलेल्या असतील तर ते ग्लायडरजवळ ठेवू नका. जाड पिशवीत घालून गाडीच्या डिकीत बांधा.