पणजोबांची १९१४ ची पितळी डबी कशी जपायची

आमच्याकडे पणजोबांची पहिल्या महायुद्धाच्या लढाईवरून आलेली पितळी डबी आहे. पणजी तिच्यात सुया ठेवायची. तुमच्या ट्रंकेत अशी डबी निघाली तर आधी एवढं ऐका: तिला चिंच लावू नका. लिंबू, राख, रांगोळी, काहीच नको. एका दिवाळीत काकूनं देवाच्या भांड्यांबरोबर आमची डबी घासून काढली. लखलखली खरी, पण 'जपान' लिहिलेला कोपरा गुलाबीसर झाला तो कायमचा. आंबटानं पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबं तेवढं उरतं.

डबी तीच आहे ना, हे बघून घ्या. साधारण १३ सेंटीमीटर लांब, ८ रुंद, ३ उंच, बिजागरीचं झाकण. मधोमध ब्रिटनच्या राजाची मुलगी, राजकन्या मेरी, हिचा चेहरा, दोन्ही बाजूंना 'एम', खाली 'ख्रिसमस १९१४'. कोपऱ्यांत बेल्जियम, जपान, माँटेनिग्रो, सर्बिया. सर्बियाच्या इंग्रजी नावात 'बी'च्या जागी 'व्ही' असतो. तेव्हा तसंच लिहीत. १७ वर्षांच्या मेरीच्या नावानं शिपायांच्या नाताळभेटीसाठी निधी जमला आणि २६ लाखांवर डब्या वाटल्या गेल्या. गोऱ्या शिपायांना तंबाखू आणि सिगारेटी, शिखांना खडीसाखर आणि मसाल्याचा डबा, बाकीच्या बहुतेक हिंदी शिपायांना त्यावर सिगारेटीही. पुष्कळांच्या हाती भेट फार उशिरा पडली, कारण पितळ पुरेना. अमेरिकेहून निघालेलं पितळ मे १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर बुडालं.

आता साफसफाई. हात धुऊन कोरडे करा, सुती हातमोजे असले तर उत्तम. घामाचे ठसे पितळेवर उमटून राहतात. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन अक्षरांच्या खाचांतली धूळ झटका. हिरवी भुकटी दिसली तर भिंग धरून, लाकडी टूथपिकनं, अगदी हलक्या हातानं सोडवा. खाली घट्ट तपकिरी थर लागला की थांबा. तो थर राहू द्या, पितळेला तोच सांभाळतो. बिजागरी अडत असेल तर जोर लावू नका.

ठेवताना वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड नकोत. लोकर आणि रबरातल्या गंधकानं पितळ काळं पडतं. धुतलेल्या, बिनखळीच्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदला.

आणि तळ उलटून नक्की बघा. आमच्या डबीच्या तळाला खिळ्यानं कोरलेला नंबर आहे, पणजोबांचाच असणार. असे ओरखडे पॉलिश करून घालवू नका, फोटो काढून ठेवा. आमचा शेवटचा आकडा सरळ उजेडात १ वाटतो, तिरप्या उजेडात ७. मी दोन्ही फोटो काढलेत.